काजूगर, कॅमेरा आणि कारखान्यातला एपीआय : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातला हा काजू कारखाना एका कुटुंबाचा आहे. गाव आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. फेब्रुवारी ते मे गोव्यातली बी येते. पुढे यंत्रं चालती ठेवायला आफ्रिकेतून आलेली बी घ्यावी लागते. वाफवणं, फोडणं, वाळवणं, साल काढणं झालं की प्रतवारी उरते, आणि मालाला भाव किती मिळणार ते याच टेबलावर ठरतं.

व्यापारात डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० बसणारे पांढरे अख्खे गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. आकडा मोठा तेवढा गर लहान. आकाराचं काम चाळणी बऱ्यापैकी करते. पांढरा कोणता, किंचित करपलेला कोणता, पाकळी आणि तुकडा कुठला, हे मात्र टेबलावर बसलेल्या बायका नजरेने ठरवतात. त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. डबा सीलबंद करण्याआधी शेवटची नजर त्यांची.

मालकांना प्रतवारी यंत्राकडे द्यायची नव्हती, आणि तो विचार मला अजूनही शहाणपणाचा वाटतो. ११.३४ किलोचा, म्हणजे २५ पौंडांचा डबा भरण्याआधी त्यातला नमुना ट्रेवर पसरायचा, वरून फोटो घ्यायचा आणि पांढरे किती, करपलेले किती याची नोंद ठेवायची, एवढीच त्यांची अपेक्षा होती. गिऱ्हाइकाने नंतर तक्रार केली तर हातात काहीतरी असावं, हा हेतू.

त्यांची मुलगी फर्मागुडीला संगणक अभियांत्रिकी शिकलेली. तिने पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या साधनात मोबाइलनेट व्ही२ हे चित्रं ओळखणारं तयार मॉडेल घेऊन मावशींनी वेगळे करून दिलेल्या गरांच्या फोटोंवर ते पुन्हा शिकवलं. २०१८ साली आलेलं हे मॉडेल सुमारे ३४ लाख पॅरामीटरचं, म्हणजे शिकताना ठरणाऱ्या तेवढ्या आकड्यांचं, आहे. ग्राफिक्स कार्डाशिवाय, साध्या मिनी पीसीवर चालण्याइतकं लहान. तिच्या लॅपटॉपवर निकाल चांगले येत होते. आता ते कारखान्यात कसं आणायचं, हा प्रश्न होता, आणि सल्ल्यासाठी मला तेव्हा बोलावलं गेलं.

कुठे चालवायचं

तीन वाटा समोर होत्या.

पहिली क्लाउडची: फोटो वर पाठवायचा, उत्तर खाली घ्यायचं. मालकांनी ती एका वाक्यात निकालात काढली: "पावसात लाईट गेली की नेटही जातं, मग काय डबे उघडे ठेवून बसू?" जून-जुलैत डिचोली-सत्तरीकडे राहिलेल्या कुणालाही यावर अधिक स्पष्टीकरण नको.

दुसरी वाट म्हणजे एपीआयच नको, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याला विनंती पाठवून उत्तर घ्यायची सोयच नको. कॅमेऱ्याच्या प्रोग्राममध्येच मॉडेल घालायचं. या पर्यायाला सहसा हवा तेवढा मान मिळत नाही. एकच टेबल, एकच कॅमेरा आणि एकच वापरणारा असेल तर मध्ये सर्व्हर उभा करणं म्हणजे नसती उठाठेव. इथे मात्र दुसरं टेबल येणार हे ठरलेलं होतं, ऑफिसातल्या लॅपटॉपवर दिवसाचा गोषवारा हवा होता, आणि कॅमेऱ्याचा प्रोग्राम म्हापशाहून येणाऱ्या एका वेगळ्या तंत्रज्ञाने लिहिलेला होता. मॉडेल बदललं की प्रत्येक टेबलावर जाऊन नवं बसवायचं, हे कुणालाच नको होतं.

म्हणून तिसरी वाट: कारखान्यातच एक मिनी पीसी, त्यावर फास्टएपीआय (पायथनमध्ये एपीआय लिहायची चौकट) आणि युव्हिकॉर्न (तो चालवणारा सर्व्हर), आणि टेबलांनी स्थानिक नेटवर्कवरून त्याला विचारायचं. फ्लास्क या तशाच दुसऱ्या चौकटीचाही विचार झाला. त्याचा अंगभूत सर्व्हर सुरू होतानाच स्वतःहून सांगतो की हा फक्त विकासापुरता आहे, प्रत्यक्ष कामाला वापरू नका. दुसरा सर्व्हर जोडून तोही चालला असता, पण येणारी विनंती नीट तपासून चुकीची असेल तर ४२२ हा चुकीचा कोड परत पाठवण्याची सोय फास्टएपीआयमध्ये आयतीच मिळते. मिनी पीसी, राउटर आणि कॅमेरा असे तिन्ही इन्व्हर्टरवर घेतले. राउटर इन्व्हर्टरवर घ्यायचा राहून जातो, असं बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

पहिली मांडणी आणि पहिली अडचण

सुरुवातीला सर्व्हर १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत होता. हा पत्ता म्हणजे यंत्र स्वतःच, त्यामुळे मिनी पीसीवर सगळं चालायचं आणि टेबलावरून काहीच जोडलं जायचं नाही. ०.०.०.० दिल्यावर ते सुटलं. पण मग वायफायवरचा कुणीही त्याला विचारू शकत होता, म्हणून पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलं आणि विनंतीच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्यासोबत जाणाऱ्या माहितीत, एक गुप्त किल्ली बंधनकारक केली.

खरी अडचण वेगळीच होती. पहिल्या मांडणीत पूर्वतयारीचं सगळं काम कॅमेऱ्याच्या बाजूला होतं. तिथला प्रोग्राम ट्रेवरचा एकेक गर कापून काढायचा, २२४ बाय २२४ पिक्सेलचा करायचा, आकडे मॉडेलला हव्या त्या पट्टीत आणायचा आणि ते आकडे जेसन या मजकुराच्या स्वरूपात लिहून पाठवायचा. सर्व्हरने फक्त मॉडेल चालवायचं. कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. २२४ गुणिले २२४ गुणिले ३ म्हणजे एका गराचे १,५०,५२८ आकडे होतात. दशांशासकट मजकूर म्हणून लिहिले की ते दीड मेगाबाइटच्या पुढे जातात. त्याच गराचं जेपेग चित्र काही किलोबाइटांत मावतं. ट्रेवर शंभरेक गर असले की वेळ कुठे जातो ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पण वेग ही दुय्यम गोष्ट ठरली. चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात मावशींनी मुलीला बोलावून पडदा दाखवला. "बाय, हे करपलेले गर पांढऱ्यात कसे गेले गो? आंधळ्यालाही दिसतील."

आणि ते खरंच होतं. पाकळ्या बरोबर, तुकडे बरोबर, पांढरे बरोबर. करपलेले मात्र बहुतेक सगळे पांढऱ्यांत. लॅपटॉपवर तेच मॉडेल करपलेले गर व्यवस्थित ओळखत होतं.

निर्णयाचा पहिला टप्पा: दोष कुठे शोधायचा

इथे दोन मतं पडली. तंत्रज्ञाचं म्हणणं, मॉडेल कच्चं आहे, करपलेल्या गरांचे आणखी फोटो घालून पुन्हा शिकवा. मुलीचं म्हणणं, उजेड वेगळा आहे, ट्यूबलाईट बदलू. दोन्ही शक्यता होत्याच, पण दोन्हींत वेळ आणि पैसा जाणार होता. त्याआधी एक फुकटची तपासणी करता येण्यासारखी होती: टेबलावरून सर्व्हरकडे गेलेले आकडे जसेच्या तसे साठवायचे, त्यांचं पुन्हा चित्र करायचं आणि डोळ्यांनी पाहायचं.

चित्र उघडलं तेव्हा करपलेले गर निळसर करडे दिसत होते.

ओपनसीव्ही ही चित्रांवर काम करणारी तयार कोडची लायब्ररी चित्र वाचते ती निळा, हिरवा, लाल या क्रमाने. मुलीने मॉडेल शिकवलं ते पिलो या लायब्ररीने वाचलेल्या चित्रांवर, आणि तिथे क्रम लाल, हिरवा, निळा असा असतो. तंत्रज्ञाचा प्रोग्राम ओपनसीव्हीचा, त्यामुळे लाल आणि निळा यांची अदलाबदल होऊन आकडे जात होते. एरर कुठेच नाही, कारण आकड्यांची संख्या बरोबर, आकार बरोबर, पट्टी बरोबर. ट्रे काळा. काळ्यात तिन्ही रंग जवळपास शून्य, अदलाबदल झाली काय आणि न झाली काय, सारखंच. गर पांढरा. त्यातही तिन्ही रंग जवळजवळ समान. पाकळी आणि तुकडा तर आकारावरून कळतात. फरक पडतो तो तपकिरी रंगात, आणि तपकिरी ही एकट्या करपलेल्या गराचीच ओळख. म्हणजे जो एक वर्ग ओळखण्यासाठी हा सगळा खटाटोप होता, नेमका तोच गेला आणि बाकीचे आकडे छान दिसत राहिले. एकूण अचूकतेचा एकच आकडा बघत बसलं असतं तर हे बराच काळ लपून राहिलं असतं, कारण चांगल्या डब्यात करपलेले गर असतातच थोडे.

क्रम सुधारायला एक ओळ पुरेशी होती. तंत्रज्ञ तेवढं करून मोकळा व्हायला तयारही होता. निर्णय खरा होता तो याच्या पुढचा.

निर्णयाचा दुसरा टप्पा: पूर्वतयारी कुणाची

ती एक ओळ टाकून थांबलो असतो तर दुसऱ्या टेबलाचा प्रोग्राम लिहिताना तोच धोका पुन्हा होता. शिवाय रंगाचा क्रम ही एकच तफावत नव्हती. मोठं चित्र लहान करताना पिलो आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी घेऊन कडा मऊ ठेवते. ओपनसीव्हीची नेहमीची पद्धत तसं करत नाही, त्यामुळे बारीक डाग कधी उठून दिसतात तर कधी गायब होतात. करपल्याची खूण बहुतेकदा टिकलीएवढाच डाग असते.

पर्याय असे होते. पूर्वतयारीचे नियम लिहून प्रत्येक टेबलाच्या प्रोग्रामने ते पाळायचे. किंवा पूर्वतयारी सर्व्हरवर न्यायची आणि टेबलाने फक्त ट्रेचा जेपेग पाठवायचा. किंवा मॉडेल ओएनएनएक्स या, कुठल्याही यंत्रावर नेता येणाऱ्या, फाईलच्या स्वरूपात नेताना पूर्वतयारीही त्याच फाईलमध्ये बांधायची. तिसरा पर्याय तत्त्वतः सगळ्यात पक्का. मॉडेल कुठेही गेलं तरी तयारी त्याच्यासोबत जाते. पण ट्रेवरून एकेक गर कापून काढण्याचं काम त्यात बसवणं अवघड होतं, आणि मुलीला ते नंतर एकटीने सांभाळायचं होतं.

दुसरा पर्याय घेतला. मॉडेल शिकवताना पूर्वतयारीचा जो कोड वापरला तीच फाईल सर्व्हरने आयात करायची, नक्कल नाही. टेबलाच्या प्रोग्रामला आता रंगाचा क्रम, पिक्सेल, पट्टी यातलं काहीही माहीत असण्याची गरज उरली नाही. त्याला कळतं ते इतकंच: फोटो द्या, यादी घ्या. तंत्रज्ञाला हे आधी आवडलं नाही, कारण त्याचं बरंच काम रद्द झालं. पण दुसऱ्या टेबलाचा प्रोग्राम त्याने मग एका दुपारीच पुरा केला.

सर्व्हर पडतो, उठतो, पुन्हा पडतो

नव्या मांडणीत एक विनंती म्हणजे पूर्ण ट्रे, शंभरेक गर एका दमात. मिनी पीसीला त्याला दोन-चार सेकंद लागतात. सकाळी काहीच त्रास नव्हता. संध्याकाळी सुटीच्या आधी मात्र दोन्ही टेबलांवरून एकापाठोपाठ ट्रे यायचे आणि सर्व्हर बंद पडायचा. म्हणजे निदान पडद्यावर तसं दिसायचं.

कारण दोन गोष्टींच्या गाठीत होतं. प्रेडिक्टचं, म्हणजे मॉडेलकडून उत्तर काढणारं, फंक्शन 'असिंक डेफ' असं लिहिलेलं होतं. फास्टएपीआयमध्ये असं फंक्शन मुख्य इव्हेंट लूपवरच, म्हणजे सगळ्या विनंत्या एकापाठोपाठ बघणाऱ्या फेरीतच, चालतं. आत वाट पाहण्याचं काम असेल तर ते उत्तम, पण इथे आत निव्वळ हिशेब होता. तेवढे दोन-चार सेकंद लूप अडून राही आणि दुसऱ्या कशालाच उत्तर मिळत नसे, 'हेल्थ'च्या, म्हणजे "चालू आहेस ना?" या साध्या विचारणेलाही नाही. आणि मिनी पीसीवर एक राखणदार स्क्रिप्ट होती: 'हेल्थ'ने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर सर्व्हर मेला असं समजून तो पुन्हा सुरू करणारी. कामात गढलेल्या सर्व्हरला ती मारत होती. हातातले ट्रे जात, टेबलं तेच ट्रे पुन्हा पाठवत, मॉडेल नव्याने चढायला वेळ लागे, तोवर 'हेल्थ' पुन्हा गप्प, आणि पुन्हा तेच.

मुलीने आधी वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या सर्व्हरच्या प्रती, वाढवून पाहिले, एकाचे चार. इंटरनेटवर पहिलं उत्तर तेच मिळतं. प्रत्येक वर्कर ही स्वतंत्र प्रक्रिया असते आणि मॉडेलची स्वतःची प्रत मेमरीत घेते. शिवाय मॉडेल ज्यावर चालत होतं तो ओएनएनएक्स रनटाइम नेहमीच्या सेटिंगमध्ये यंत्राचे सगळे कोर वापरायला बघतो. चार वर्कर, प्रत्येकाला सगळे कोर हवे, आणि कोर तेवढेच. एकाच पाटावर चौघी वाटायला बसल्यासारखं झालं आणि प्रत्येक ट्रेचा वेळ उलट वाढला.

शेवटी वर्कर एकच ठेवला. मॉडेल सर्व्हर सुरू होताना एकदाच चढवायचं. प्रेडिक्टच्या फंक्शनवरचा 'असिंक' काढला. साधं 'डेफ' असलं की फास्टएपीआय ते वेगळ्या थ्रेडवर (समांतर चालणाऱ्या धाग्यावर) चालवतं आणि लूप मोकळा राहतो. एका वेळी एकच ट्रे मॉडेलकडे जाईल असं कुलूप घातलं, आणि रांगेत ठरावीक संख्येपेक्षा जास्त ट्रे आले तर ५०३ हा "सध्या व्यस्त" असा कोड आणि किती सेकंदांनी पुन्हा विचारायचं ते परत द्यायचं. टेबलाच्या पडद्यावर तेव्हा "थांबा, मशीन कामात आहे" असं येतं. राखणदार स्क्रिप्ट ठेवली, पण आता ती एका चुकलेल्या उत्तराने घाबरत नाही, सलग अनेकदा उत्तर मिळालं नाही तरच सर्व्हर पुन्हा सुरू करते. आणि मॉडेल पूर्ण चढेपर्यंत सर्व्हर "तयार" म्हणत नाही. जिवंत असणं आणि तयार असणं यांची विचारणा वेगळी केली.

एक गोष्ट मात्र पावसानेच शिकवली. लाईट जाऊन इन्व्हर्टरही संपला त्या दिवशी राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने मिनी पीसीला नवाच आयपी पत्ता दिला. सर्व्हर ठणठणीत, टेबलं मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत होती. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवल्यावर ते थांबलं.

"माहीत नाही" म्हणण्याची सोय

मॉडेलच्या शेवटच्या थरातून येणाऱ्या शक्यतांची बेरीज नेहमी १ असते. त्यामुळे ट्रेवर सालीचा तुकडा पडला, खडा पडला किंवा कुणाच्या हाताची सावली पडली, तरी मॉडेल त्याला चारपैकी एका वर्गात टाकणारच. पहिल्या मांडणीत एपीआय फक्त वर्गाचं नाव परत करत असे.

आता प्रत्येक गरासोबत वर्ग आणि शक्यता दोन्ही जातात. शक्यता ठरावीक रेषेखाली असेल तर वर्गाच्या जागी "पाहा" येतं आणि पडद्यावर त्या गराभोवती पिवळं वर्तुळ. ही रेषा मुलीने मावशींना घेऊनच ठरवली: कुठल्या रेषेवर किती पिवळी वर्तुळं येतात आणि त्यातली किती खरोखर शंकेची आहेत, ते दोघींनी बसून पाहिलं. रेषा फार वर नेली तर सगळा ट्रे पिवळा होतो आणि कुणी बघेनासं होतं. मावशींचं एक मत इथे निर्णायक ठरलं. त्यांना शंकेचे गर पांढऱ्यांत गेलेले चालत नव्हते, करपलेल्यांत गेलेले चालत होते, कारण करपलेल्यांचे ट्रे त्या पुन्हा हाताने बघतातच. म्हणून दोन वर्गांसाठी दोन वेगळ्या रेषा ठेवल्या.

याचा उपयोग पावसाळ्यात दिसला. आफ्रिकेतली बी लागली तेव्हा पिवळी वर्तुळं एकदम वाढली. त्या गराची पांढरी छटा थोडी वेगळी, आणि मॉडेल शिकलं होतं ते उन्हाळ्यातल्या गोव्याच्या बियांवर. जुन्या मांडणीत हीच गोष्ट चुकीच्या आकड्यांत बुडून गेली असती. उत्तरात मॉडेलची आवृत्तीही जात असल्यामुळे आणि प्रत्येक ट्रेचा फोटो उत्तरासोबत साठवला जात असल्यामुळे, नव्या बियांचे फोटो वेगळे काढून मॉडेल पुन्हा शिकवणं सोपं गेलं.

आजची स्थिती

दोन्ही टेबलांवर नमुना तपासणी चालते. सीलबंद करण्याचा निर्णय अजूनही मावशींचाच. पडदा "ठीक" म्हणत असला तरी त्या डबा थांबवू शकतात, आणि थांबवतात. मालकांना दिवसाचा गोषवारा ऑफिसात मिळतो. सर्व्हर बंद असला तर टेबलाचा प्रोग्राम फोटो स्वतःकडे साठवून ठेवतो आणि काम अडत नाही. ही सोय पहिल्या दिवसापासून हवी होती.

वेगळं काय करता आलं असतं

आधी करारापासून सुरुवात करता आली असती. काय आत येईल, काय बाहेर जाईल, उत्तर ठाऊक नसेल तेव्हा आणि सर्व्हर कामात असेल तेव्हा काय परत येईल, हे मॉडेल शिकवण्याच्याही आधी एका पानावर लिहिलं असतं, तर पूर्वतयारी कुणाची हा प्रश्न तंत्रज्ञाचं काम सुरू होण्यापूर्वीच निघाला असता.

चाचणीचे ट्रेही आधीच हवे होते. आता मावशींनी लावून दिलेल्या काही ट्रेंचे फोटो आणि त्यांची अपेक्षित उत्तरं सर्व्हरवर ठेवली आहेत आणि तो सुरू होताना आधी त्यांवर स्वतःला तपासतो. त्यात एक अट आहे: हे फोटो टेबलावरच्या कॅमेऱ्यातून, टेबलाच्याच प्रोग्रामने पाठवलेले असले पाहिजेत. मॉडेल शिकवण्याच्या फोल्डरमधले फोटो वापरले असते तर रंगाच्या अदलाबदलीवर ही तपासणी बिनदिक्कत पास झाली असती.

वर्कर वाढवण्याआधी एका ट्रेचा वेळ कुठे जातो हे मोजायला हवं होतं. कापणीला किती, मॉडेलला किती, रांगेत किती. ते मोजलं तेव्हा असं दिसलं की कापणीचा वाटाही कमी नव्हता, आणि तो बराचसा गरजेपेक्षा मोठ्या फोटोमुळे होता.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. मुलगी पुढच्या वर्षी शिक्षणासाठी बाहेर जाण्याच्या विचारात आहे. सर्व्हर कसा उठवायचा आणि मॉडेलची जुनी आवृत्ती परत कशी लावायची, ते तिने मराठीत एका कागदावर लिहून मिनी पीसीच्या शेजारी चिकटवलं आहे. पॅकिंगमधल्या एका मुलाने तो कागद बघून तिच्यासमोर दोनदा ते करून दाखवलं. नवं मॉडेल शिकवणं मात्र त्या कागदावर मावत नाही. ते बाहेरच्या कुणाला द्यायचं, की हंगामाच्या सुरुवातीला तिने लांबूनच करायचं, यावर बापलेकीचं अजून ठरत नाही.